प्रकरण सतरा : बारापैकी चार

वीजवाला निशिदे सकाळी दहाला येणार होता, आणि तोकुजीखेरीज घरात कोणालाच ते माहीत नव्हतं.

हिगानचा आठवडा होता, पितरांना भेटायचे दिवस. फुसाए स्वयंपाकघरात ओहागी वळत होती. भाताचा गोळा, त्यावर लाल चवळीच्या गोड पुरणाचा थर. गेली पन्नास वर्षं या दिवसांत ती हेच करत आली होती. शेजारी तिची मुलगी रित्सुको बाह्या सरसावून उभी होती. साकाईच्या वृद्धाश्रमातल्या परिचारिकेच्या नोकरीतून दोन दिवसांची रजा काढून ती पहिल्या गाडीने आली होती. नात चिगुसा, मुलाची मुलगी, आदल्या दिवशीच ओसाकाहून, कॉलेजमधून आली होती.

अंगणात टेम्पो थांबल्याचा आवाज आला. फुसाएने खिडकीतून पाहिलं. निशिदे उत्तरेच्या भिंतीला टेप लावून मापं घेत होता आणि तोकुजी त्याच्या मागे हात बांधून उभा होता.

"अहो, हे काय चाललंय?"

"बॅटरी बसवतोय," तोकुजी म्हणाला. "छपरावरची वीज साठवायची."

"आज? हिगानात?"

"भिंत काय हिगानात नसते?"

छपरावर सोलरच्या पाट्या बसवून दहा वर्षं झाली होती. वीज कंपनीने दहा वर्षं चांगल्या दराने वीज विकत घेतली, या वसंतात तो करार संपला. आता ती वीज मातीमोल भावाने जात होती. विकण्यापेक्षा साठवलेली बरी, म्हणून गावात एकेक घर बॅटरी लावून घेत होतं. तोकुजीने विचारणाऱ्याला हेच कारण दिलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं. पण ऑगस्टमधली ती दुपार घरातलं कोणीच विसरलं नव्हतं.

त्या दुपारी वादळात घाटातला खांब पडला आणि चार तास वीज गेली. पूर्वेच्या खोलीत सून मित्सुयो तोंडावर मास्क लावून पडली होती. दोन वर्षांपूर्वी तिच्या हातांपासून सुरू झालेला आजार पाय, जीभ, घसा असं करत छातीपर्यंत पोचला होता. श्वास आत ढकलायला आता यंत्र लागत होतं. सोलरच्या यंत्रणेला आणीबाणीचा एक सॉकेट होता, स्वयंपाकघरात. ऊन असेल तोवरच तो चालायचा. तिथून लांबलचक वायर ओढून यंत्र जोडलं, पण ढग आला की वीज तुटायची, यंत्र किंचाळायचं, पुन्हा ऊन, पुन्हा ढग. यंत्राच्या आतली बॅटरी उतरत गेली. मुलगा कात्सुनारी हाताने दाबायचा फुगा घेऊन बायकोच्या उशाशी बसला होता. तोकुजी पागोळ्यांखाली उभा राहून आकाशाकडे बघत होता, आणि शहात्तर वर्षांच्या त्या माणसाला, सगळं आयुष्य संत्र्याच्या बागेत पाऊसपाण्याच्या अंदाजावर काढलेल्या माणसाला, त्या दिवशी आकाशाची पहिल्यांदा भीती वाटली.

*

निशिदेला चहा दिला. त्याने बुटक्या मेजावर घराच्या वायरिंगचा कागद पसरला. चाळिशीचा माणूस, याच गावात वाढलेला. लहानपणी इकुमांच्या, म्हणजे याच घराच्या, बागेतली संत्री चोरताना तोकुजीने त्याला दोनदा पकडलं होतं.

"काका, घरात बारा बटणं आहेत," तो म्हणाला. "एकेक खोली, एकेक बटण. वीज गेली की ही बॅटरी त्यातली चारच चालवेल. सगळं घर चालवणारी मोठी येते, पण तुमच्या उत्तरेच्या भिंतीला तेवढी जागा नाही आणि दक्षिणेला ऊन फार. तर कुठली चार, ते आज ठरवून द्या. नंतर बदलायचं म्हणजे सगळं उकलावं लागतं."

"पहिली पूर्वेची खोली," तोकुजी म्हणाला.

निशिदेने पेन्सिल टेकवली. पण मेजाभोवती कोणीच हललं नाही, तेव्हा ती तशीच थांबली.

"बाबा," कात्सुनारी म्हणाला. तो बागेतून नुकताच आला होता, मानेवर टॉवेल होता. "मला विचारायचं तरी."

"तुला काय विचारायचं? छप्पर माझं आहे."

"छपराचं कोण बोलतंय?"

रित्सुकोने हातातला ओला रुमाल खाली ठेवला. "बाबा, मी स्पष्ट बोलते. डॉक्टरांनी सांगितलंय, हिवाळ्याच्या आत ठरवा. घशाला भोक पाडून कायमचं यंत्र, नाहीतर नाही. ते यंत्र एकदा लागलं की डॉक्टर काढत नाहीत. मित्सुयोने मे महिन्यात 'नको' म्हटलंय. लेखी. तुमच्यासमोर सहीऐवजी शिक्का मारला कात्सुने तिच्या नावापुढे."

"मी तिला काही म्हटलं का?" तोकुजी म्हणाला. "मी भिंतीवर एक डबा बसवतोय."

"डबा नाही तो. हुकूम आहे. उद्या ती त्या भिंतीपलीकडे पडून काय विचार करेल? सासऱ्याने एवढं करून ठेवलंय, आता मी 'नको' कशी म्हणू?"

"तसं वाटलं तर वाटू दे."

"बाबा!" कात्सुनारीचा आवाज चढला. "तिच्यावर दडपण आणू नका. तिचा निर्णय आहे तो. मी पाच महिने जिभेला गाठ मारून बसलोय ती कशासाठी?"

तोकुजीने मुलाकडे पाहिलं. "तेच म्हणतोय मी. मी तिच्यापुढे डबा तरी ठेवला. तू काय ठेवलंस? काहीच नाही."

कात्सुनारीचे कान लाल झाले होते. पन्नाशीला टेकलेला तो माणूस आठ वर्षांच्या पोरासारखा टॉवेलचं टोक पिळत बसला.

निशिदे चुळबुळला. "मी गाडीत बसू का जरा?"

"बस इथंच. ओहागी खा," फुसाए म्हणाली आणि बशी त्याच्याकडे सरकवली. मग कोणाकडेही न बघता म्हणाली, "तिला तिच्या मनासारखं करू द्या. मी सासूचं अकरा वर्षं केलंय त्याच खोलीत. अंथरुणाला खिळणं काय असतं ते या घरात मला माहीत आहे, दुसऱ्या कोणाला नाही."

हे ती मे महिन्यातही म्हणाली होती, याच शब्दांत. तेव्हा सगळ्यांनी मान डोलावली होती. आज कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेली चिगुसा बोलली.

"आजी, तुला पुन्हा करावं लागेल म्हणून घाबरतेस का?"

"चिगुसा!" रित्सुको ओरडली.

"नाही आत्या, बोलू दे. बाबा बोलत नाहीत, आजोबा भिंतीशी बोलतात. घाबरायचं कारणच नाही आजी, कोणालाच काही करावं लागणार नाही. मी करणार आहे. कॉलेजात वर्षभर सुट्टीचा अर्ज दिलाय मी मंगळवारी. त्यांनी घेतला."

निशिदेच्या हातातली ओहागी अर्धीच राहिली.

"दिलास?" कात्सुनारीने विचारलं. "कोणाला विचारून?"

"आजोबांनी कोणाला विचारलं?"

आणि तेवढ्यात पूर्वेच्या खोलीतली घंटी वाजली.

*

मित्सुयोच्या ऐकण्याला काहीच झालं नव्हतं. लोक हे विसरत. अंग गेलं, बोलणं गेलं, म्हणजे माणूस खोल विहिरीत गेल्यासारखं धरून चालत. खोली आणि माजघर यांच्यामध्ये कागदाचं सरकतं दार होतं. त्यातून तिला पेन्सिल मेजावर ठेवल्याचाही आवाज ऐकू यायचा.

तेवीस वर्षांपूर्वी ती ओसाकाहून या घरात आली तेव्हा फुसाए म्हणाली होती, "हिला डोंगर चढता येणार नाही." सहा महिने ती खरंच धापा टाकत चढली. मग चढायला लागली, मग संत्र्यांची प्रत नजरेने सांगायला लागली, मग तिने बाजारातल्या दलालाला बाजूला ठेवून थेट गिऱ्हाइकांना पेट्या पाठवायला सुरुवात केली, प्रत्येक पेटीत हाताने लिहिलेलं पत्र घालून. फुसाएने तिचं कौतुक कधी केलं नाही. फक्त एका वर्षी हंगाम संपल्यावर तिने न बोलता एक नवा लोकरीचा मफलर तिच्या बुटांच्या फळीवर ठेवला होता.

'नको' तिने विचार करून म्हटलं होतं. मरणाची भीती वाटत नव्हती असं नाही. पण फुसाएची कंबर तिने तेवीस वर्षं पाहिली होती. ती कंबर वयाने वाकलेली नव्हती, या खोलीत वाकली होती. गावातल्या बायका अजून सांगत, इकुमांच्या थोरल्या सुनेने अकरा वर्षं सासूला कुशीवर वळवलं, एकटीने. मित्सुयोला ती गोष्ट पुढच्या पिढीला द्यायची नव्हती. आणि आता दारापलीकडे तिची मुलगी तीच गोष्ट स्वतःच मागून घेत होती.

गालाखाली घंटीचं एक चपटं बटण होतं. गाल अजून थोडा हलायचा. तिने तो दाबला.

दार सरकलं. सगळे आत आले. कात्सुनारीने भिंतीला टेकवलेली अक्षरफळी उचलली. फळी पारदर्शक होती, सगळी अक्षरं ओळींनी मांडलेली. ती मधे धरायची, मित्सुयो एका अक्षराकडे टक लावून बघायची, आणि समोरच्याने फळी हलवत हलवत आपली नजर तिच्या नजरेला भिडवायची. जिथे भिडली ते अक्षर.

"नि," कात्सुनारी वाचू लागला. "शि... दे. निशिदे?" त्याने चक्रावून बायकोकडे पाहिलं. "निशिदेला बोलवू?"

तिने डोळे मिटून उघडले. हो.

निशिदे उंबऱ्यापाशी गुडघ्यांवर बसला. त्याच्या एका मोज्याला भोक होतं, ते लपवायला त्याने पाय पाठीमागे घेतला.

"वहिनी, बऱ्या आहात ना?" तो म्हणाला आणि लगेच ओशाळला.

"कि-ती-ता-स," कात्सुनारीने वाचलं.

निशिदेने घसा साफ केला. हा प्रश्न त्याच्या ओळखीचा होता, त्यामुळे त्याला हायसं वाटलं. "श्वासाचं मोठं यंत्र, कफ ओढायचं यंत्र, पलंग आणि एक दिवा, एवढंच चाललं तर भरलेली बॅटरी दोन दिवस. सकाळी ऊन आलं की परत भरते."

"ऊ-न-ना-ही-आ-लं-त-र."

तोकुजी पुढे सरकला. "तेव्हा बघू आपण..."

"मग नाही," निशिदे म्हणाला. "ढगातही थोडी भरते, पण सलग तीन-चार दिवस काळे गेले तर पुरणार नाही. तेव्हा गाडीवरून वायर ओढायची, नाहीतर वेळेत हॉस्पिटल गाठायचं. वादळाचा अंदाज आला की आदल्या दिवशीच ती पूर्ण भरून ठेवता येते. एवढंच मी देऊ शकतो. त्याहून जास्त सांगितलं तर ते खोटं होईल."

मित्सुयो त्याच्याकडे बघत राहिली. दोन वर्षांत तिच्याशी इतकं सरळ फार कमी माणसं बोलली होती. तिने डोळ्यांनीच आभार मानले आणि नजर मुलीकडे वळवली.

फळी चिगुसाच्या हातात गेली. तिला सगळ्यांत लवकर वाचता यायचं, अक्षरं उच्चारायचीही गरज पडायची नाही. या वेळी वाचून तिचा चेहरा आक्रसला.

"काय म्हणते?" रित्सुकोने विचारलं.

"परत जा म्हणते. अर्ज काढून घे म्हणते." चिगुसाने आईकडे पाहिलं. "नाही काढणार. तुझं तू ठरवलंस ना? मला विचारलंस? मग माझं मी ठरवते."

मित्सुयोने डोळे मिटले आणि उघडलेच नाहीत. तिच्याकडे लावून घेता येईल असं आता एवढंच दार उरलं होतं. ती ते लावून घेते तेव्हा कोणी कितीही हाका मारल्या तरी काही होत नाही, हे घराला ठाऊक होतं.

"चला," तोकुजी थोड्या वेळाने म्हणाला. "थडग्यावर जाऊन येऊ. ऊन चढायच्या आत."

"मी थांबते हिच्याजवळ," फुसाए म्हणाली.

*

माणसं टेकडी चढून गेली. निशिदे बाहेर भिंतीवर खडूने खुणा करत होता. फुसाएने सुनेच्या तोंडातली लाळ नळीने ओढून घेतली, मास्कची कड सरळ केली, कपाळ पुसलं. तिचे हात हे सगळं कोणी न सांगता करत. अकरा वर्षांत शिकलेलं हात विसरत नाहीत.

मग ती उठायच्या ऐवजी तिथेच बसली.

"डोळे मिटलेलेच राहू देत," ती म्हणाली. "उलट बरं. मला बोलता येईल."

बाहेर निशिदेची शिडी वाजली.

"सासूबाई इथे होत्या, याच जागी. डोकं तिकडे होतं, तुझं इकडे आहे, एवढाच फरक. मी त्यांचं काही कमी केलं नाही. पाठीला एक फोड येऊ दिला नाही. गाव अजून नावाजतं. आणि त्या प्रत्येक वेळी म्हणायच्या, 'माफ कर गं.' वळवलं की माफ कर. भरवलं की माफ कर. अकरा वर्षं. मी म्हणायचे, त्यात काय एवढं. पण तुम्ही आहात ते बरं आहे, असं मी एकदाही म्हटलं नाही. कारण मला बरं वाटत नव्हतं. खरं तेच सांगते. त्या गेल्या त्या दिवशी मी दहा तास झोपले, आणि उठल्यावर मला भूक लागली होती."

मित्सुयोच्या पापण्या हलल्या, पण उघडल्या नाहीत.

"तू मे महिन्यात नको म्हणालीस तेव्हा मीच पहिल्यांदा म्हटलं, तिच्या मनासारखं होऊ द्या. मला वाटलं मी तुझ्या बाजूने बोलतेय. त्या 'माफ कर'मधून तुला सोडवतेय. मग मी तांदूळ धुवायला गेले आणि माझा हात पाण्यात तसाच राहिला. किती वेळ कोण जाणे. पाण्याने बोटं बधिर झाली."

पुढचं वाक्य तिने आयुष्यात कोणाला म्हटलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही, आणि ते कसं म्हणतात तेही तिला नीट माहीत नव्हतं.

"तू असावीस असं मला वाटतं," ती म्हणाली. "या घरात. या खोलीत. चिगुसासाठी नाही, कात्सुसाठी नाही. मला वाटतं. हे मी तुला बांधायला सांगत नाही. तू उद्या परत नको म्हणालीस तर मी कोणाला एक शब्द बोलू देणार नाही. पण सासूबाईंसारखी तू न ऐकताच गेलीस असं व्हायला नको, म्हणून सांगते."

मित्सुयोने डोळे उघडले. ते भरून आलेले होते, आणि तिला स्वतःचे डोळे पुसता येत नसल्यामुळे पाणी कानाकडे ओघळत होतं. फुसाएने ते पुसलं. मित्सुयोची नजर भिंतीकडे गेली, मग सासूकडे, पुन्हा भिंतीकडे.

तिथे फळी होती. ती घरात आली तेव्हापासून फुसाएने एकदाही हातात घेतली नव्हती. मला नाही जमायचं, माझी नजर अधू, असं म्हणून ती नेहमी कोणाला तरी हाक मारायची.

आता हाक मारायला कोणी नव्हतं. तिने फळी उचलून दोघींच्या मधे धरली आणि हलवू लागली. इकडे, तिकडे, वर. काही केल्या नजर भिडेना. मित्सुयोच्या डोळ्यांच्या कडा आकसल्या. हा तिचा हसण्याचा प्रकार आहे, हे फुसाएला ठाऊक होतं.

"हसतेस काय?" तिने चष्मा शोधून लावला आणि फळीकडे पाहिलं. अक्षरं डोक्यावर उभी होती. "अगंबाई. उलटी धरलीय मी."

तिने फळी सरळ केली. या वेळी एक नजर सापडली, मग सुटली, मग पुन्हा सापडली. शाळेतल्या पोरीसारखी ती एकेक अक्षर मोठ्याने म्हणू लागली.

"आ... ई... थ, का, ल. आई थकाल." तिने फळी खाली घेतली. "थकेन. थकले की बसेन. तेव्हा तुझ्या आजेसासऱ्यांनी परकं माणूस घरात येऊ दिलं नाही, इकुमांच्या घरात बाहेरच्या बायका कशाला म्हणून. म्हणून मी एकटी होते. मी येऊ देईन. सकाळी एक येऊ दे, रात्रीला एक येऊ दे. माझं स्वयंपाकघर पालथं घातलं तरी चालेल."

फळी पुन्हा वर. हा निरोप लांब होता. फुसाए दोनदा चुकली, एकदा मधलं विसरली, पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मित्सुयोने न कंटाळता परत परत दाखवलं.

"चि-गु-सा... प-र-त... जा-य-ला... ह-वी." फुसाएने मान हलवली. "हो. ते मी बघते. पुढे?"

"म... ग..."

फळी स्थिर राहावी म्हणून फुसाएने कोपर गुडघ्यावर टेकवलं.

"रा... ही..."

शेवटचं अक्षर तिने पाहिलं, पण तोंडाने म्हटलं नाही. फळी मांडीवर ठेवली आणि सुनेच्या निर्जीव बोटांवर आपला जाडाभरडा हात ठेवून ती बसून राहिली.

*

टेकडीवरून माणसं उतरली तेव्हा फुसाए अंगणात उभी होती. तिने आधी नवऱ्याला गाठलं.

"पहिली पूर्वेची खोली लिहा," ती म्हणाली. "तिने सांगितलंय. मी स्वतः वाचलं."

तोकुजी निशिदेकडे वळला आणि भिंतीवरची खडूची खूण विनाकारण जवळून बघायला लागला. त्याची पाठ बराच वेळ तशीच राहिली. निशिदेनेही न बघितल्यासारखं केलं.

"तू वाचलंस?" रित्सुको म्हणाली. "तू? आई, तुला फळी..."

"जमली. आणि तू ऐक. मे महिन्यात तू माझ्या भल्याचं बोलत होतीस, मला कळतं. पण माझ्या कंबरेची काळजी करण्यापेक्षा मदतनीस बायका कशा मिळतात ते सांग. तुझ्या आश्रमात रोज करता ना तुम्ही हे अर्ज?"

रित्सुको आईकडे बघत राहिली. सकाळपासून ती ज्या बाजूने भांडत होती ती बाजू तिच्या पायाखालून निघून गेली होती. "नगर कार्यालयात अर्ज द्यावा लागतो," ती सावकाश म्हणाली. "ते आधी कमी तास देतात. घरात बायका आहेत ना, म्हणतात. भांडावं लागतं."

"मग भांड. तुला येतं भांडायला."

"सोमवारचीही रजा काढते," रित्सुको म्हणाली, आणि नाक ओढत अंगणाच्या कडेला फोन काढून उभी राहिली.

राहिली चिगुसा. आजीने तिला अट सांगितली तेव्हा ती आधी रडली, मग चिडली.

"म्हणजे मी गेले तर आई जगणार, आणि थांबले तर नाही? असं कुठे असतं आजी?"

"असंच आहे. तिने घातलीय अट, मी नाही. जाऊन तिच्याशी वाद घाल."

"तिच्याशी कोण जिंकलंय?" चिगुसाने डोळे पुसले. "दर शनिवारी येणार. त्याला नाही म्हणायचं नाही."

"शनिवारी ये. मला फळी शिकव. मी फार हळू वाचते."

निशिदेने कागद पुन्हा काढला. पहिलं बटण पूर्वेची खोली. दुसरं स्वयंपाकघर, कारण फ्रीज आणि भात. तिसरं माजघर, मदतनीस रात्री तिथे बसणार म्हणून. चौथ्यावरून थोडी झोंबाझोंबी झाली. तोकुजीला बाहेरच्या शीतपेटीसाठी हवं होतं, रित्सुकोचं म्हणणं न्हाणीघर. शेवटी फुसाएच्या खोलीचं लिहिलं गेलं. उन्हाळ्यात वीज गेली आणि उकाड्याने हीच आजारी पडली तर सगळंच बसेल, असं तोकुजी म्हणाला. फुसाएने निशिदेच्या बशीत आणखी एक ओहागी वाढली.

कात्सुनारी यांत नव्हता. तो पूर्वेच्या खोलीत जाऊन बसला होता. दार त्याने मागे ओढून घेतलं होतं.

यंत्र श्वास ढकलत होतं, सोडत होतं.

"आईने सांगितलं," तो म्हणाला. "आईने. मी नाही."

मित्सुयो बघत होती.

"मला भीती वाटत होती. मी म्हटलं असतं राहा, तर तू माझ्यासाठी राहिली असतीस. पुढची दहा वर्षं, वीस वर्षं, हलता न येता, फक्त मी एकदा म्हटलं म्हणून. ते ओझं तुझ्यावर कसं टाकू? म्हणून मी गप्प राहिलो. मला वाटलं, हे चांगलं वागणं आहे." त्याने तळव्याने तोंड पुसलं. "रोज सकाळी बागेत जाऊन झाडांना सांगायचो. राहा म्हणावं तिला. झाडांना, मित्सुयो."

तिची नजर फळीकडे गेली. त्याने ती उचलली.

अक्षरं थोडीच होती. त्याला सवय होती, पटपट सापडली.

"आ-ता-म-ला-सां-ग."

त्याने फळी बाजूला ठेवली. ती मधे राहिली तर जमणार नाही असं त्याला वाटलं. तो पुढे वाकला, इतका की मास्कमधून सुटणारी हवा त्याच्या गालाला लागत होती, आणि पाच महिने झाडांना सांगितलेलं त्याने तिला सांगितलं.

दार सरकवून तो बाहेर आला तेव्हा निशिदेचा टेम्पो निघून गेला होता आणि तोकुजी बूट चढवून बागेत जायच्या तयारीत होता. कात्सुनारी सरळ फोनपाशी गेला. हॉस्पिटलचा बाह्यरुग्ण विभाग संध्याकाळी पाचला बंद व्हायचा, अजून वेळ होता. पलीकडच्या नर्सने नाव विचारलं, रुग्णाचं नाव विचारलं, मे महिन्यातला कागद काढून पाहिला.

"यात 'नको' असं लिहिलंय," ती म्हणाली. "बदल करायचा आहे का?"

"हो."

"घरच्यांचा निर्णय आहे की रुग्णाचा? माफ करा, मला विचारावं लागतं."

माजघरात सगळे ऐकत उभे होते. फुसाएच्या डोळ्यांवर अजून तो चष्मा होता. काढायचा राहूनच गेला होता.

"तिचा," कात्सुनारी म्हणाला. "तिने स्वतः सांगितलंय. आईला."